पोटॅशियम 6.1 आणि टिळकवाडीतली एक छोटी लॅब

बेळगावात रक्त तपासणाऱ्यांची वानवा नाही. मोठ्या इस्पितळांच्या लॅब आहेत, मोठमोठ्या कंपन्यांची कलेक्शन सेंटरं आहेत, फोन केला की घरी येऊन सुई टोचून जाणारी पोरं आहेत. मी लिहितोय ती लॅब या कशातच बसत नाही. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडं, एका जुन्या कौलारू घराच्या तळमजल्यावर दोन खोल्या, एवढाच पसारा. एक पॅथॉलॉजिस्ट मॅडम, एक टेक्निशियन आणि काउंटरला एक मुलगी. नाव इथं देत नाही, कारण मॅडमनी 'जाहिरात नको, आहेत तेवढे पेशंट पुरेत' असं स्पष्ट सांगितलंय. पण काम कसं करतात ते लिहायला त्यांची ना नाही. माझ्यासारख्या सायकल चालवणाऱ्या आणि बीपीची गोळी घेणाऱ्या लोकांनी हे वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझं उद्यमबागेत मशीन शॉप आहे. वय 54. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. रविवारी आमचा ग्रुप पिरनवाडी, किणये, कुसमळी करत जांबोटीला जातो, पाऊस नसेल आणि पायात दम असेल तर पुढं कणकुंबीपर्यंत. एरवी सकाळी येळ्ळूरचा राजहंसगड. पुढच्या हंगामात 200 किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे, साडेतेरा तासांत पुरी करावी लागते ती. त्याआधी सगळ्या तपासण्या करून घ्या असं घरच्यांनी धरून बसवलं, म्हणून एका मोठ्या कंपनीचं 'फुल बॉडी' पॅकेज फोनवरून बुक केलं. वेळ त्यांनीच रविवारची दिली. उपाशी राहा, एवढीच सूचना. आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी व्यायाम करू नका, असं कुणी म्हटलं नाही.

सकाळी लवकर निघून जांबोटी करून आलो. अंगावरचा घाम वाळला नव्हता तोवर पोरगा दारात. त्यानं दंडाला रबर करकचून आवळलं, शीर सापडेना म्हणून 'काका, मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा' असं बराच वेळ करायला लावलं, सिरिंजनं ओढून रक्त काढलं, मग सुईतूनच जोरानं नळ्यांत सोडलं. नळ्या गेल्या बर्फाच्या पिशवीत. त्याला अजून सुळगा आणि हिंडलग्याची घरं करायची होती. तिथून नमुने रात्रीच्या गाडीनं दुसऱ्या शहरात जाणार होते. पोराचा यात काही दोष आहे असं मला वाटत नाही, त्याला शिकवलंच तसं असणार.

सोमवारी दुपारी मोबाइलवर रिपोर्ट. पोटॅशियम 6.1, लाल अक्षरांत. साधारण मर्यादा 3.5 ते 5.1. कंपनीच्या डॉक्टरांचा फोन नाही, 'हे तातडीनं दाखवा' असा एक शब्द नाही. फक्त लाल अक्षरं.

शहापुरातले आमचे फॅमिली डॉक्टर रिपोर्ट बघून खुर्चीतून उठलेच. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही. फार तर हातापायांत त्राण नाही असं वाटतं, छातीत धडधडतं. साडेसहाच्या वर गेलं तर सरळ इस्पितळ गाठायचं. सहाच्या घरातला आकडा, त्यात पेशंटला पोटॅशियम वाढवू शकणारी टेल्मिसार्टन चालू, म्हणजे थांबून बघू म्हणायची सोय नाही. त्यांनी तिथंच ईसीजी काढला. टी-लाटा उंच, टोकदार झाल्यात का ते बघितलं. तशा नव्हत्या. 'पण ईसीजी चांगला आला म्हणून पोटॅशियम चांगलं असं होत नाही,' असंही लगेच बजावलं. क्रिएटिनिन 1.0, म्हणजे किडनीत बिघाड दिसत नव्हता. मग त्यांनी चिठ्ठीवर 'तातडीनं, परत' असं लिहिलं आणि म्हणाले, 'दुसऱ्या गेटाजवळच्या मॅडमकडं जा. मी फोन करतो. आजच्या आज.'

इथून पुढं जे बघितलं त्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

काउंटरवरची मुलगी माझ्या पुढच्या म्हाताऱ्या आजींना कन्नडमध्ये 'बर्री, कुंदर्री' (या, बसा) म्हणत होती, माझ्याकडं वळून 'बसा काका' म्हणाली. नाव-वय लिहून झाल्यावर विचारायला लागली. गोळ्या कुठल्या? दुखण्याची गोळी गेल्या आठवड्यात घेतली का? जेवणात साधं मीठ की कमी सोडियमचं? शहाळ्याचं पाणी, इलेक्ट्रोलाइटची पावडर? शेवटचा व्यायाम कधी, किती? लॅबमध्ये हे प्रश्न मला आजवर कुणी विचारले नव्हते. उत्तरं तिनं कागदावर लिहिली आणि कागद आत मॅडमना दिला.

मग दहा मिनिटं नुसतं बसवलं. आत गेल्यावर टेक्निशियननं हात टेबलावर सैल ठेवायला सांगितला. सवयीनं मी मूठ वळायला गेलो तसं तो म्हणाला, 'मूठ नको काका, हात मोकळाच सोडा.' रबर हलकं बांधलं, शीर बोटानं चाचपून शोधली, सुई आत गेली आणि रक्त नळीत यायला लागताच रबर सोडून टाकलं. रक्त नळीच्या स्वतःच्या ओढीनं आलं, त्यानं कुठं जोर लावला नाही. आधी पिवळ्या झाकणाची नळी, मग हिरव्या, जांभळी सगळ्यात शेवटी. भरलेल्या नळ्या त्यानं हलक्या हातानं उलट्या-सुलट्या केल्या, झटकल्या नाहीत. लेबलवर रक्त काढल्याची वेळ पेननं लिहिली. अर्ध्या तासानं हिरवी नळी आणि गोठलेली पिवळी नळी, दोन्ही तिथल्या तिथं सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून पेशी आणि द्रव वेगळे करणाऱ्या यंत्रात, फिरली.

फिरवून झाल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं आणि नळी ट्यूबलाइटपुढं धरून दाखवली. खाली गडद लाल थर, मधे जेलची पांढुरकी रेघ, वर स्वच्छ फिकट पिवळा द्रव. 'हा वरचा भाग गुलाबी दिसला असता तर तांबड्या पेशी फुटल्यात असं समजायचं. मग तो आकडा मी कुणाला दिलाच नसता, परत रक्त काढलं असतं.' शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तद्रवात अगदी थोडं. पेशी फुटल्या की आतलं बाहेर, आणि यंत्र बिचारं समोर आहे ते मोजतं. आमच्या धंद्यात टर्निंग करून जॉब गरम असतानाच मायक्रोमीटर लावला तर माप खोटं येतं, मायक्रोमीटर कितीही चांगला असू दे. मॅडमचं म्हणणं मला लगेच पटलं ते त्यामुळं.

रिपोर्ट दीड तासात हातात. पिवळ्या नळीतल्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहिलेल्या द्रवात, 4.6, हिरव्या नळीतल्या प्लाझ्मात, म्हणजे न गोठलेल्या रक्ताच्या द्रवात, 4.4. रक्त गोठताना प्लेटलेट पेशींतून थोडं पोटॅशियम सुटतं, त्यामुळं सीरमचा आकडा किंचित वर असतो. दोन्हींत एवढाच फरक म्हणजे नमुना चांगला. मॅडमनी स्वतः आमच्या डॉक्टरांना फोन करून आकडे सांगितले.

आता पहिल्या रिपोर्टचं काय झालं असावं? हे मी मॅडमना खोदून विचारलं, आणि पेशंट बाहेर नव्हते म्हणून त्यांनी वेळ दिला. मला वाटत होतं जांबोटीची राइड हेच कारण. त्या म्हणाल्या, ते अर्धंच खरं. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा दर वेळी थोडं पोटॅशियम पेशीबाहेर पडतं. चढावर जीव तोडून पेडल मारताना धमनीतल्या रक्तात ते सातच्याही वर जाऊ शकतं. निरोगी माणसाचं हृदय ते सोसतं, कारण त्याच वेळी अॅड्रिनलिन वाढलेलं असतं, आणि स्नायूंतले सोडियम-पोटॅशियम पंप बाहेर पडलेलं परत आत ओढायला लागलेले असतात. नियमित सरावानं हे पंप वाढतात, म्हणून कसलेल्या सायकलस्वाराचं पोटॅशियम तेवढ्याच चढावर कमी वाढतं. आणि थांबलं की काही मिनिटांतच ते खाली येतं, कधीकधी तर सुरुवातीपेक्षाही खाली. म्हणजे राइड संपून अर्धा-पाऊण तास झाल्यावर काढलेल्या रक्तात निव्वळ पेडलिंगमुळं 6.1 सहसा दिसणार नाही. लांब राइडनं स्नायूंच्या पेशींना इजा झाली, अंगातलं पाणी कमी झालं, तर गोष्ट वेगळी. सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एक द्रव्य) आणि क्रिएटिनिन तर राइडनंतर वाढलेलं दिसू शकतं, सीके काही दिवस तसंच राहतं, म्हणून राइडच्या दिवशी रक्त देऊच नये.

मूठ उघडमीट करणं मात्र भारी पडतं. वर रबर आवळलेलं, त्यामुळं हाताच्या स्नायूंतून सुटलेलं पोटॅशियम तिथंच साठतं आणि तेच रक्त नळीत येतं. एवढ्यानंच आकडा एकानं वाढू शकतो. दुसरं, बर्फ. थंडीत तांबड्या पेशींचे पंप बंद पडतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपत राहतं. पेशी फुटलेल्या नसतात, त्यामुळं द्रव स्वच्छ पिवळा दिसतो आणि आकडा खोटा असतो. हे सगळ्यात फसवं. म्हणून नमुना न फिरवता तासन्‌तास थंड ठेवणं पोटॅशियमसाठी वाईट. उलटंही होतं. उन्हाळ्यात गरम गाडीत नमुना राहिला तर पेशी पहिले काही तास पोटॅशियम आत ओढून घेतात आणि खरोखर वाढलेलं असेल तरी ते झाकलं जातं. मला तर हे जास्त भीतीचं वाटलं.

जांभळी नळी सगळ्यात शेवटी का, तेही कळलं. तिच्यातलं रसायन पोटॅशियमचंच क्षार आहे. सिरिंजमधून आधी ती भरली आणि त्याच सुईनं दुसरी, तर चार थेंबांनीही पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम पडतं. माझ्या पहिल्या रिपोर्टात कॅल्शियम ठीक होतं, त्यामुळं मॅडमनी ते कारण बाजूला काढलं. मूठ, जोरानं सोडलेलं रक्त आणि बर्फ, यांतलं एक किंवा सगळंच, असा त्यांचा अंदाज. त्या कंपनीला मी फोन करून नमुना कधी फिरवला एवढंच विचारलं. उत्तर आलं नाही. 'रिपोर्ट मशीनचा आहे, सर,' हे मात्र दोनदा ऐकवलं.

कुणी असं समजू नये की वाढलेलं पोटॅशियम म्हणजे लॅबचाच घोळ. मॅडमनी हे मला दारापर्यंत येऊन सांगितलं. खोटं आहे हे ठरवायचं तेही त्याच दिवशी परत तपासून, ईसीजी काढून. घरी बसून नाही. मी घेतो ती टेल्मिसार्टन, तिच्या जातीच्या सगळ्या गोळ्या आणि रामिप्रिल-एनालाप्रिलसारख्या बीपीच्या दुसऱ्या जातीच्या गोळ्याही किडनीतून बाहेर पडणारं पोटॅशियम कमी करतात. स्पायरोनोलॅक्टोन तर आणखी. त्यावर गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं, वर चोर्ला घाटात उन्हात पाणी कमी पडलं, तर किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण. आमच्या ग्रुपात लांब राइडच्या आधी दुखण्याची गोळी 'सेफ्टी' म्हणून टाकणारे आहेत. त्यातले निम्मे बीपीचे पेशंट आहेत. ही सवय मोडलीच पाहिजे. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. माझी डॉक्टरांनी तशीच चालू ठेवली आणि काही आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन परत बघायला सांगितलं. राइडनंतर लघवी गडद तपकिरी झाली, मांड्या सुजून दुखायला लागल्या, तर लॅबकडं नव्हे, थेट इस्पितळात जायचं. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटल्याची ती खूण असते आणि तेव्हा पोटॅशियम खरोखरच चढतं.

खाण्यापिण्याचं त्यांनी थोडक्यात सांगितलं, पण ते आमच्या सगळ्या समजुती हलवणारं होतं. राइडमध्ये पोटऱ्यांत गोळे आले की 'पोटॅशियम कमी झालं, शहाळं पी, केळी खा' हे आमच्याकडं लहान पोरगंही सांगतं. घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. लिटरभर घामात अंदाजे एक ग्रॅम सोडियम, कुणाचं कमी, कुणाचं बरंच जास्त. पोटॅशियम साधारण 200 मिलिग्रॅमच्या आसपास. एका शहाळ्यात 600 मिलिग्रॅमच्या पुढं पोटॅशियम असू शकतं, मध्यम केळ्यात 400 च्या जवळपास. किडनी चांगली असेल तर यानं काही बिघडत नाही, दिवसाला साडेतीन ग्रॅम पोटॅशियम पोटात जावं असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. जांबोटीच्या नाक्यावरची जवारी केळी मी सोडणार नाही आणि सोडायला कुणी सांगितलंही नाही. पण घामाची भरपाई म्हणून शहाळ्यावर शहाळी रिचवण्यात अर्थ नाही. सोडियम मिळतं ते ओआरएसमधून. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाचं पाकीट लिटरभर पाण्यात घातलं की सोडियम 75 आणि पोटॅशियम 20 मिलिमोल.

खरी सावधगिरी कमी सोडियमच्या मिठाची. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2025 मध्ये सर्वसाधारण प्रौढांना असं मीठ वापरायला हरकत नाही असंच म्हटलंय, पण किडनीचा विकार असलेल्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना त्यातून वगळलंय. टेल्मिसार्टनवाल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. आमच्या ग्रुपातला एकजण तेच मीठ बाटलीत घालून राइडला आणतो, 'हेल्दी' म्हणून. त्याला मी या लॅबमध्ये पाठवलंय.

पुढच्या तपासणीला मी पुन्हा इथंच गेलो. या वेळी आधी एक कागद हातात मिळाला होता, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. आदल्या दिवशी सायकल, जिम, जड काम नको. पाणी नेहमीइतकं प्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी चुकवू नका. सुईच्या वेळी मूठ वळू नका. चंदगडकडची, शिनोळीपलीकडची माणसं उपचाराला बेळगावातच येतात, त्यांना हातात मराठी कागद मिळतो ही मला लहान गोष्ट वाटत नाही. आईवडिलांच्या वेळी इस्पितळांत न समजणाऱ्या कागदांवर सह्या केलेल्या माणसांना याची किंमत विचारा. पोटॅशियम या वेळी 4.5. डॉक्टरांनी ब्रेवेला परवानगी दिली, राइडमध्ये दुखण्याची गोळी घ्यायची नाही या अटीवर.

उणिवाही सांगतो. गाडी लावायला जागा नाही, आणि गेट पडलं की समोरच्या रस्त्यावर इंच हलायला मिळत नाही. मी सायकलनं गेलो असतो, पण तेच तर मना आहे. चालत जाणं बरं. घरी येऊन रक्त नेत नाहीत, अंथरुणाला खिळलेल्यांची त्यामुळं पंचाईत होते. रिपोर्ट फक्त इंग्रजीत असतो. सूचनांचा कागद मराठीत करणाऱ्यांनी रिपोर्टखाली दोन ओळी मराठीत द्याव्यात असं मी मॅडमना सांगितलंय. हार्मोन, व्हिटॅमिन अशा काही तपासण्या त्यांच्याकडं होत नाहीत, त्या बाहेर पाठवतात, पण तसं आधीच सांगतात आणि कुठं पाठवतात तेही. पैसे मोठ्या कंपनीच्या पॅकेजपेक्षा हिशेबानं जास्तच पडतात. नुसत्या सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचे मी 350 दिले. ते मला महाग वाटले नाहीत.

लांब राहणाऱ्यांना टिळकवाडीपर्यंत येणं जमणार नाही. त्यांनी आपल्या जवळच्या लॅबमध्ये एवढं तरी विचारावं: नमुना किती वेळात फिरवता, इथंच फिरवता का, आणि पेशी फुटलेल्या दिसल्या तर परत रक्त घेता का. नीट उत्तर देणारी लॅब खानापुरातही सापडेल आणि निपाणीतही. सुई टोचताना कुणी मूठ उघडमीट करायला लावली तर तिथंच नको म्हणा, तो हक्क आपला आहे.

लॅब सकाळी सात ते दुपारी एक आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडी असते. रविवारी बंद. सोमवारी सकाळी गर्दी फार. पोटॅशियमसाठी जायचं असेल तर मंगळवार किंवा बुधवार गाठावा, म्हणजे रविवारच्या राइडनंतर अंगाला पुरेशी विश्रांती मिळालेली असते. डॉक्टरांनी 'तातडीनं' लिहिलेली चिठ्ठी असेल तर रांगेत थांबायचं नाही, काउंटरवर दाखवायची. ती मुलगी लगेच आत घेते.